पाय पाहून अंथरूण

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण ज्या कुणी काढली, त्याच्या घरी पाहुणे येत नसावेत. येत असते तर त्याला कळलं असतं, की पाहुणे आल्यावर घरच्या माणसाला पाहण्यापुरतंही अंथरूण उरत नाही. पाय पसरणं ही तर फार पुढची गोष्ट झाली. मी बँकेत कारकून आहे. कर्ज मागायला आलेल्या माणसांना ही म्हण मी बावीस वर्षं ऐकवत आलो आहे, आणि दर वेळी आपण काहीतरी शहाणपणाचं बोललो अशा समजुतीने पुढच्या माणसाला हाक मारत आलो आहे. पण मागच्या आषाढीपासून माझं या म्हणीशी उघड वैर आहे. हा लेख म्हणजे तिच्याविरुद्ध गुदरलेली फिर्यादच समजा. आरोपी क्रमांक एक, ही म्हण. आरोपी क्रमांक दोन, हवेची गादी. तिसऱ्या आरोपीचं नाव योग्य वेळी उघड करण्यात येईल.

आमचं गाव मोडनिंब, तालुका माढा, जिल्हा सोलापूर. पुणे-सोलापूर हमरस्त्यावर असल्यामुळे पुष्कळांनी ते पाहिलेलं असतं. म्हणजे नेमकी तिथे डुलकी लागली नसेल तर. पण आमच्या गावाची खरी गोम हमरस्त्यात नसून रेल्वेत आहे. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणाऱ्या मार्गावर आमचं स्टेशन लागतं. एके काळची ही बार्शी लाईट. १९०६ साली ती पंढरपुरापर्यंत पोचली, तेव्हा तिच्या दोन रुळांमधलं अंतर होतं अवघं अडीच फूट. आता रूळ रुंद झाले, गाड्या बदलल्या, पण पाहुण्यांचं वाक्य तेच राहिलं : ‘पंढरपूरला निघालोच आहोत, तुमचं गाव वाटेतच लागतंय.’ ज्याचं गाव तीर्थाला लागून असतं त्याच्या घराची धर्मशाळा होते, आणि ज्याचं गाव तीर्थाच्या वाटेवर असतं त्याच्या घराची होते ती प्रतीक्षालयाची.

मागच्या आषाढीला असे अकरा पाहुणे येणार होते. लातूरचे मामा-मामी, त्यांची मुलगी तिच्या पाच महिन्यांच्या बाळासह, बार्शीची आत्या आणि तिचा गोतावळा. आमच्या घरी खोल्या तीन, शिवाय स्वयंपाकघर. पलंग दोन : एक आमचा आणि एक आईचा. कापसाच्या गाद्या तीन. पण त्यांतला कापूस रुसलेल्या मुलासारखा एकेका कोपऱ्यात जाऊन बसलेला. पूर्वी पिंजारी यायचा, तो दारात बसून तुणतुण करत कापूस पिंजून द्यायचा. आता तो येत नाही. वाकळा चार. राहता राहिल्या चादरी. सोलापूर जिल्ह्यातल्या घरात चादरी मोजत नाहीत. लग्न असो, मुंज असो, कुणी निवृत्त होवो की निवडून येवो, आमच्याकडे माणसाच्या हातात चादरच ठेवतात. पण चादर ही पांघरायची वस्तू आहे. खाली शहाबादी फरशी आणि वर सोलापुरी चादर अशा व्यवस्थेत मधल्या माणसाचं काय होतं, ते त्याच्या कंबरेला विचारावं.

“अहो, हवेच्या गाद्या आणू या,” आमची ही म्हणाली. “पाहुणे गेले की घडी घालून कपाटात.”

झालं. आमच्या घरात संशोधनाला तोंड फुटलं. चिरंजीवांनी मोबाईलवर शंभरएक गाद्या पाहिल्या. आमच्या शाखेतल्या रोखपालांनी स्वतःच्या मेहुण्याच्या अनुभवावरून तीन वेगवेगळे सल्ले दिले आणि तिन्ही एकमेकांना छेद देणारे होते. मी कॉमर्सचा पदवीधर. कागद घेतला, रकाने आखले. त्या अभ्यासातून आणि पुढे स्वतःच्या पाठीवर घेतलेल्या अनुभवातून जे हाती लागलं ते इथे देतो. फिर्यादीतसुद्धा पुरावा व्यवस्थित असावा लागतो.

पहिली गोष्ट, गादी कशी आहे हे उताणं पडून कळत नाही. उताणं पडल्यावर जगातली प्रत्येक गादी चांगलीच वाटते. कुशीवर वळावं. खांदा किंवा कंबरेचं हाड जमिनीला टेकलं तर ती गादी पातळ, किंवा हवा कमी. दुसरी गोष्ट, गादी ढोलासारखी ताठ फुगवू नये. ताठ गादी माणसाला झेलत नाही, परत फेकते. तिसरी, जोडप्यासाठी एक मोठी गादी घेण्याऐवजी दोन लहान घ्याव्यात. मोठ्या गादीवर एकाने कूस बदलली की दुसरा आपोआप उंच जातो, आणि वीस वर्षांचा संसार एका रात्रीत डळमळतो. चौथी, खाली सतरंजी अंथरावीच. फरशीवरचा एखादा खडा किंवा पोरांच्या चपलेतून आलेला बाभळीचा काटा त्याशिवाय आडत नाही. पाचवी, वर वाकळ घालावी. आतली हवा खेळती राहते, अंगाची ऊब घेते आणि फरशीला नेऊन देते. थंडीत माणूस वरून पांघरूण घेतो आणि खालून गारठतो. आणि सहावी गोष्ट, हिच्यात विनोद नाही : तान्ह्या बाळाला हवेच्या गादीवर कधीही झोपवू नये. मऊ प्लास्टिकच्या खोलगटात बाळाचं नाकतोंड दबतं आणि त्याला मान वळवता येत नाही.

खाली सतरंजी, वर वाकळ, आणि मधली गादी मग नेमकं करते काय, असा प्रश्न आईने विचारला होता. मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

गाद्या आल्या. एक मोठी, चार लहान. लहान गादी अडीच फूट रुंद. बार्शी लाईटचे रूळ तेवढेच होते आणि त्यांच्यावरून आख्खी आगगाडी गेली. पण आमच्या लातूरच्या मामांना एवढी रुंदी पुरणार नव्हती. म्हणून मामा-मामींसाठी मोठी गादी, आमची तिसरी सूचना धाब्यावर बसवून. आईचा तसा हुकूमच होता. “माझा भाऊ येतोय. नवी गादी त्याला.”

हवा भरण्याची यंत्रणा विजेची होती, आणि मिक्सरच्या आवाजात ती दोन गाद्या भरते न भरते तोच लाइट गेली. चिरंजीव सायकलचा पंप घेऊन आले. मी हिशेब केला. एका लहान गादीत सुमारे पावणेतीनशे लिटर हवा मावते. सायकलचा पंप एका दट्ट्याला पाव लिटर हवा देतो असं धरलं, तरी अकराशे दट्टे झाले. तो पंप थोडी हवा खूप दाबाने भरण्यासाठी असतो; गादीला हवी असते खूप हवा, थोड्या दाबाची. तीनशेव्या दट्ट्याला चिरंजीवांनी हे शास्त्रीय सत्य स्वतःच्या दंडावरून ओळखलं आणि ते तिथेच आडवे झाले. लाइट आली तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते.

“आरं, ही गादी हाय का होडी?” मामांनी पाय ठेवताच विचारलं. मग ते बसले. मामी पलीकडच्या काठावर होत्या, त्या जवळजवळ उभ्या राहिल्या.

मी मात्र प्रसन्न होतो. हातात माझा कागद होता. अकरा पाहुणे, अकरा जागा. बाळ आणि बाळाची आई पलंगावर, कारण सहावी सूचना. आत्या कापसाच्या बऱ्यातल्या गादीवर, कारण तिला प्लास्टिकचा वास सोसत नाही. आत्याच्या यजमानांना आमचा पलंग, कारण ते आत्याचे यजमान. घरची माणसं तीन : मी, ही आणि चिरंजीव, वाकळ, वाकळ, सतरंजी. एकूण चौदा. वरून खाली बेरीज केली, खालून वर केली, जुळली. ज्याची बेरीज दोन्हीकडून जुळते त्या कारकुनाला जी झोप लागते, ती कुठल्याही गादीवर लागते.

अडीचच्या सुमाराला मामांच्या हाकेने जाग आली. आम्ही कॉमर्सवाले मालमत्तेवर घसारा लावतो. त्याची एक पद्धत घटत्या शिल्लकेची. तिच्यात किंमत दर वर्षी कमी कमी होत जाते, पण शून्यावर म्हणून कधी येत नाही. मामांच्या गादीने ही पद्धत एका रात्रीत सुरू केली आणि पुस्तकावर मात करून ती शून्यावर आणून दाखवली. पाव्हणे जमिनीवर, आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टिक वर आलेलं. रोमचा एलागाबालुस म्हणून एक पोरसवदा सम्राट होऊन गेला. २१८ ते २२२ अशी चार वर्षं त्याने राज्य केलं. तो जेवायला बोलावलेल्या मंडळींना हवा भरलेल्या उशांवर बसवायचा आणि जेवण रंगात आलं की हळूच हवा सोडायला लावायचा, मग पाहुणे टेबलाखाली, अशी गोष्ट त्याच्या जुन्या चरित्रात आहे. इतिहासकार त्या चरित्रावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. मी त्या रात्रीपासून ठेवतो.

खरं म्हणजे गादी फाटलेली नव्हती. नवं प्लास्टिक पहिल्या एकदोन रात्रीत ताणतं, शिवाय पहाटेकडे हवा गार होऊन आकसते. त्यामुळे नवी गादी पहिल्या रात्री खचतेच आणि आधी दोन दिवस फुगवून ठेवायची असते. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी मामांना एवढंच म्हणालो, “मामा, चला, पाणी तरी पिऊ.”

आम्ही स्वयंपाकघरात गेलो, दिवा लावला. ओट्याखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी, दोन रिकामी पोती आणि त्यांवर एक जुनं लुगडं अशा बिछान्यावर आई झोपली होती. उशीला स्वतःचा हात. गेल्या वर्षी डॉक्टरांनी ज्या गुडघ्याला खाली बसायची मनाई केली होती, तो गुडघा पोटाशी.

मी झोपण्यापूर्वी पिशवीत घातलेला कागद मला तिथे, दिव्याखाली, अक्षरशः दिसला. बाळ आणि बाळाची आई पलंगावर. कुणाच्या पलंगावर? आईच्या. मग आई कुठे? आई कागदावर नव्हतीच. घरची माणसं तीन असं लिहिलं होतं. ती चौथी.

हिशेबशास्त्रात एक धडा असतो. आम्ही तो पहिल्या वर्षाला घोकला होता. तेरीज जुळली म्हणजे चूक नाही असं समजू नये. जी नोंद करायचीच राहून गेली, तिच्याने दोन्ही बाजू बिघडत नाहीत. म्हणून ती चूक तेरजेत कधीही सापडत नाही. हा धडा मला परीक्षेत पैकीच्या पैकी गुण देऊन गेला होता. तर हा आरोपी क्रमांक तीन.

“अक्का, तू हितं?” मामा म्हणाले.

आई उठून बसली. “मला खालीच झोप लागते रे. आणि हितं गारवा असतो.” मग माझ्याकडे बघून, “हवा गेली का?”

मामा काही बोलले नाहीत. पाणी न पिताच ते बराच वेळ तांब्या हातात धरून उभे राहिले.

आता फिर्यादीचा मुख्य भाग. ‘तिला खालीच झोप लागते’ हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येतं आणि आपण ते एखाद्या बाईची आवड म्हणून नोंदवून ठेवतो. वरण आवडतं, अबोलीचा गजरा आवडतो, तसं फरशीवर झोपणं आवडतं. माझं विचारणं एवढंच, की दुसरं काही निवडायची वेळ तिच्यावर कधी आली होती? माझ्या आईच्या लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली. त्यांतल्या प्रत्येक आषाढीला, कार्तिकीला, मुलांच्या सुट्टीला, जावळाला, लग्नाला तिचं अंथरूण कुणाला तरी गेलेलं आहे, आणि दर वेळी कुणी ना कुणी म्हणालेलं आहे, ‘दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.’ बँकेत ज्या रकमेचं काय करायचं ते ठरलेलं नसतं ती आम्ही उचंत खात्यात टाकतो. तात्पुरती. पण साहेब लोक तपासणीला आले की पहिला प्रश्न विचारतात : ही रक्कम इथे किती दिवस पडून आहे? रकमेला विचारतात. आईला कुणी विचारलं नाही. ती पन्नास वर्षं उचंत खात्यात होती.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की जमिनीवर झोपणं प्रकृतीला उत्तम. असं सांगणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. ते हे नेहमी दिवाणावर बसून सांगतात. तरुण पाठीला सपाट जमीन मानवतही असेल. पण प्रश्न पाठीचा नसून गुडघ्याचा आहे. झोपणं सोपं असतं. रात्री तीनदा उठणं अवघड असतं. साठीनंतरच्या माणसासाठी अंथरुणाची उंची साधारण खुर्चीएवढी असावी, म्हणजे पाय खाली टेकून उठता येतं. तेवढ्या उंचीच्या हवेच्या गाद्याही मिळतात. मी एक आणून पाहिली. तिच्या काठावर बसलं की काठ दबतो आणि बसणारा घसरून खाली येतो. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला धरून उठायला जो काठ लागतो, नेमका तोच या गादीत नाही. ती मी परत केली.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे : पाहुणचार म्हणजे त्यागच, अतिथी देवो भव. मान्य. आपण देवाकडेच जाऊ. आमच्याकडून तो लांब नाही. पंचांगाप्रमाणे आषाढी एकादशीला विष्णू शेषावर निजतो, ते कार्तिकीला उठतो. शेष ही जगातली सर्वांत चांगली हवेची गादी असावी. फुसफुसते पण खचत नाही. आमच्या पंढरपुरात मात्र नेमकं उलटं होतं. यात्रेच्या दिवसांत देवाचा पलंग काढून ठेवतात. लांबून आलेल्या माणसांना दर्शन मिळावं म्हणून विठ्ठल दिवसरात्र उभा. झोप बंद. म्हणजे पाहुण्यांसाठी स्वतःचा पलंग सोडणारा आमच्या भागातला पहिला यजमान तोच. पण पुढचं बघा. तो थकेल म्हणून त्याच्या पाठीशी मऊ लोड लावतात आणि रखुमाईला तक्क्या देतात. आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण काढतात, पलंग परत येतो. तात्पुरतं म्हणतात ते याला. त्याला सुरुवात असते, पाठीला लोड असतो आणि शेवट असतो. घरच्या बाईचा पलंग काढताना आपण पंढरपूरची रीत पाळतो. लोड आणि प्रक्षाळपूजा तेवढी विसरतो.

कार्तिकीला पुन्हा पाहुणे आले. या वेळी नऊ. मी नवा कागद घेतला आणि पहिल्या ओळीवर लिहिलं : आई, स्वतःचा पलंग, बदल नाही. मग बाकीची नावं. बाळ आणि बाळाची आई आमच्या पलंगावर. आत्याच्या यजमानांना कापसाची गादी. ते काही बोलले नाहीत, म्हणजे आत्या बोलली. मामा स्वतःहून म्हणाले, “मला वाकळ दे, ती होडी नको.” उरलेल्या माणसांना त्यांचे गुडघे पाहून जागा दिल्या : ज्याला मांडी घालून बसता येतं आणि हात न टेकता उठता येतं, तो खाली. घरात असे सगळ्यांत ठणठणीत दोन गुडघे माझेच निघाले. पंचेचाळिशीत तेवढी एक मिळकत शिल्लक आहे. तेव्हा हवेची मोठी गादी आम्हा दोघांना.

आईने दिवसभर विरोध केला. “पाव्हणे खाली आणि मी वर? लोक काय म्हणतील?” लोक तिथेच बसले होते. पण ती ऐकेना. शेवटी मामांनी तिची उशी नेऊन पलंगावर ठेवली आणि तिथेच हाताची घडी घालून उभे राहिले, तेव्हा ती गेली.

रात्री थंडी होती. आमच्या खालून गारवा वर येऊ लागला. गडबडीत गादीवर वाकळ घालायची राहिली होती. पाचवी सूचना. एकदा हिने कूस बदलली आणि मी उंच गेलो, तिसरी सूचना. पहाटे कधीतरी अंगावर आणखी एक चादर पडली म्हणून डोळे उघडले. आई वाकून उभी होती. एक हात पलंगाच्या काठावर.

“हवा गेली का रे?” तिने हळूच विचारलं.

“थोडी गेली.”

“मग ये की वर. मी झोपते खाली. मला काय, खालीच झोप लागते.”

एकूण फिर्याद इतक्यात निकाली निघत नाही. मी म्हणालो, “आई, तू झोप आधी.” ती पलंगाचा काठ धरून बसली, पाय वर घेतले, आणि थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झालेला ऐकू आला. मग मीही, सतरंजीला टेकलेल्या त्या गादीवर, अंथरूण न पाहता पाय पसरले.